कंस कुणाचा, फाइल कुठली: लिंटियनच्या एका वॉर्निंगचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतलं, सॉफ्टवेअरची पॅकेजं (बसवायला तयार गठ्ठे) तपासणाऱ्या लिंटियन या प्रोग्रॅमच्या एका तक्रारीचं. माणसांची नावं बदलली आहेत आणि पॅकेजचं नाव गाळलं आहे. मी त्या कंपनीत कामाला नव्हतो. गाडं पुरतं रुतल्यावर फोन आला म्हणून गेलो, त्यामुळे आधीचा भाग मला सांगितला गेला तसा मांडतोय. टॅग (लिंटियनच्या तक्रारींची नावं), आदेश आणि फाइलींची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावी लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून ती देवनागरीत दिली आहेत.

पार्श्वभूमी

कंपनीचं मुख्य काम जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं. छापखाने, प्रकाशक आणि साप्ताहिकं यांच्याकडे नव्वदच्या दशकापासून सुरेख, योगेश अशा फॉन्टांमध्ये टाइप केलेल्या फाइली पडून आहेत. या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नव्हते. अक्षरांचे तुकडे रोमन संचाच्या घरांत, विशेषतः १२८ ते २५५ या वरच्या घरांत, बसवलेले असायचे. फॉन्ट असेल तर मजकूर दिसतो आणि फॉन्ट काढला की नुसती चित्रविचित्र चिन्हं उरतात. हा मजकूर वाचून युनिकोड करून देणारं एक छोटं साधन कंपनीने लिहिलं होतं. ग्राहकांच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर ते पॅकेज म्हणून बसवलं जायचं.

एकाच सोर्समधून (मूळ कोडमधून) दोन पॅकेजं बनत. एकात साधन आणि नमुना फाइली, दुसऱ्यात मदतपुस्तिका. नमुना फाइली अर्थातच जुन्या फॉन्टमधल्या. त्या तशा नसतील तर त्यांचा उपयोगच काय?

बिल्ड, म्हणजे सोर्सपासून पॅकेज बांधणं, झालं की पाइपलाइन (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी) लिंटियन चालवायची. लिंटियन हा डेबियन पॅकेजं तपासणारा प्रोग्रॅम. क्रिश्चन श्वार्त्स आणि रिचर्ड ब्राकमन यांनी तो १९९८ साली सुरू केला आणि तो पर्लमध्ये लिहिलेला आहे. नावातला ‘लिंट’ १९७८ च्या सुमाराचा, बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेच्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या तपासनिसाचा. मूळ शब्दाचा अर्थ कपड्यावर चिकटलेले धागे आणि गोळे, जे आपण उन्हात उभं राहून वेचतो. लिंटियनला काही खटकलं की तो एक ओळ छापतो. आधी तीव्रतेचं अक्षर, मग पॅकेज, मग टॅगचं नाव, मग कुठे खटकलं त्याचा संदर्भ. खटकलेली गोष्ट मुद्दाम तशी ठेवलेली असेल तर पॅकेजात ‘ओव्हरराइड’ फाइल ठेवून ती ओळ गप्प करता येते. कंपनीच्या पाइपलाइनमध्ये एकही वॉर्निंग आली तरी बिल्ड नापास, असा नियम होता.

नियम बरा होता. आधीच्या इंजिनिअरने नमुना फाइलींसाठी एक ओव्हरराइड लिहून ठेवला होता, तो नीट चालत होता, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला होता.

अडचण

बिल्डचं मशीन डेबियन ११ वरून १२ वर नेलं. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, कंपनीने ते काही महिन्यांनी घेतलं. पहिलंच बिल्ड लाल. दोन तक्रारी होत्या. पहिली ‘नॅशनल-एन्कोडिंग’, म्हणजे ही फाइल वैध यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) नाही. दुसरी ‘मिसमॅच्ड-ओव्हरराइड’, म्हणजे तुम्ही ओव्हरराइड लिहिलाय खरा, पण तो कशालाच लागू पडत नाही.

पॅकेजात एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलला होता लिंटियन. डेबियन ११ मध्ये तो २.१०४.० होता, १२ मध्ये २.११६.३. मधल्या काळात संदर्भ छापायची पद्धत बदलली. पूर्वी टॅगपुढे फाइलचा मार्ग नुसता यायचा, आता तो चौकोनी कंसात येऊ लागला. ओव्हरराइड संदर्भाशी अक्षरशः जुळावा लागतो. जुना ओव्हरराइड बिनकंसाचा, नवी तक्रार कंसातली. जुळणार कसं?

एवढंच होतं. कळलं असतं तर पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात जवळजवळ महिना गेला, आणि तो कुठे गेला हे सांगण्यासाठीच हे लिहितोय.

पहिला निर्णय: तक्रारीचा सल्ला ऐकायचा

काम निखिलकडे आलं. त्याला कंपनीत येऊन वर्ष झालं नव्हतं. त्याने टॅगचं स्पष्टीकरण वाचलं. त्याचा रोख असा, की ही फाइल लोकांना बहुधा कचऱ्यासारखी दिसेल, तेव्हा आयकॉन्व्हसारखं साधन वापरून ती यूटीएफ-८ मध्ये बदला. सर्वसाधारण फाइलीसाठी सल्ला अगदी योग्य आहे. निखिलने तो पाळला. नमुना फाइली लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांचा जुना अक्षरसंच) समजून यूटीएफ-८ केल्या. लिंटियन गप्प झाला.

नमुन्यांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. लॅटिन-१ मधला वरच्या घरातला प्रत्येक बाइट यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटांचा होतो. १२८ ते १९१ या घरांतला बाइट तसाच राहतो आणि त्याच्यापुढे १९४ हा पाहुणा येऊन बसतो. १९२ ते २५५ मधल्यांपुढे १९५ येतो आणि मूळ बाइटही ६४ ने खाली उतरतो. म्हणजे अर्ध्या अक्षरांना शेपूट फुटलं आणि उरलेली अर्धी वेगळीच अक्षरं झाली. यूटीएफ-८ म्हणून फाइल शंभर टक्के वैध, मराठी म्हणून ठार मेलेली.

बिल्डमधल्या चाचण्या वेगळ्या फाइलींवर चालायच्या, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. कळलं ते वैशाली मॅडमना. त्या टीमच्या प्रमुख, आणि प्रत्येक आवृत्ती सोडण्याआधी नमुना फाइल स्वतः उघडून बघायची त्यांची सवय. निखिलला त्या एवढंच म्हणाल्या, “अरे, हे आपलंच दुकान बंद करायचं काम झालं.” बदल मागे घेतला.

निखिलला यात फार दोष देता येत नाही. त्या तक्रारीत ‘हे तुमच्या बाबतीत मुद्दाम असेल तर’ अशी एकही पायवाट नव्हती. तक्रार एकीकडे आणि ती गप्प करायची रीत मॅन्युअलच्या दुसऱ्या प्रकरणात. दोहोंना जोडणारा दुवा वाचणाऱ्यानेच आपल्या डोक्यात तयार करायचा.

दुसरा निर्णय: मॅन्युअल वाचून ओव्हरराइड दुरुस्त करायचा

आता तो बरोबर ठिकाणी पोचला होता. लिंटियनच्या मॅन्युअलमध्ये ओव्हरराइडच्या ओळीचा साचा दिला आहे. तो साधारण असा:

[[<पॅकेज>][ <आर्च-यादी>][ <प्रकार>]:] <टॅग>[ [*]<संदर्भ>[*]]

मी हा साचा शिकवताना फळ्यावर लिहितो आणि विचारतो, यातले चौकोनी कंस टाइप करायचे की नाहीत? वर्गात दोन तट पडतात. उत्तर असं: साच्यातले कंस ‘ऐच्छिक’ या अर्थाचे, ते टाइप करायचे नाहीत. पण ‘आर्च-यादी’ (प्रोसेसरच्या प्रकारांची यादी) या जागी जे भरायचं ते मात्र खऱ्या चौकोनी कंसात, उदाहरणार्थ [एएमडी६४ आय३८६]. आणि नव्या लिंटियनमध्ये ‘संदर्भ’ या जागी जे येतं त्यातही फाइलच्या मार्गाभोवती खरे कंस आहेत, ते जसेच्या तसे लिहायचे. एकाच ओळीत एकच चिन्ह तीन अर्थांनी. साचा चुकीचा नाही. संदर्भाला कंस चिकटले तेव्हा हा साचा कित्येक वर्षं जुना होता, आणि ज्या वाचणाऱ्याने आदल्या मिनिटाला ‘कंस म्हणजे ऐच्छिक’ हे शिकून घेतलंय त्याच्या बाजूने तो पुन्हा कुणी वाचून पाहिलेला दिसत नाही.

निखिलने क्रमाने काय केलं ते त्याच्या टर्मिनलच्या इतिहासात नंतर मला दिसलं. आधी कंस नसलेली जुनीच ओळ, मार्गातला एखादा स्लॅश बदलून. मग कंसाआधी उलटी तिरकी रेघ, कारण रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले साचे शोधण्याच्या खुणांच्या भाषेत) तसं करतात. मग ‘टिंब-स्टार’, तेही तिथूनच आलेलं. लिंटियनच्या ओव्हरराइडमध्ये स्टारचा अर्थ ‘काहीही’ असा आहे, पण टिंब म्हणजे नुसतं टिंब. मग चौथ्या खेपेला कंसासकट ओळ, अगदी जशी हवी तशी.

तीही नापास झाली.

इथे हे प्रकरण साध्या गैरसमजातून बाहेर पडून भलतीकडे गेलं. बरोबर उत्तर चुकीचं ठरल्यावर माणूस बरोबर उत्तरापासून दूरच जाणार. त्यानंतर निखिलने आणखी सहा-सात रूपं लिहिली, त्यातली काही वाचून मला हसू आवरलं नाही. एकात पॅकेजचं नावच कंसात होतं. त्याच्या जागी मी असतो तर माझंही हेच झालं असतं.

चौथी ओळ का नापास झाली

लिंटियन ओव्हरराइड वाचतो तो तुमच्या संपादकात उघडलेल्या फाइलमधून नव्हे. बायनरी पॅकेजचा ओव्हरराइड तो तयार झालेल्या पॅकेजाच्या आतून वाचतो. सोर्समध्ये ‘डेबियन’ फोल्डरात ‘पॅकेजचं नाव, टिंब, लिंटियन-ओव्हरराइड्स’ अशी फाइल असते. बिल्डच्या वेळी डीएच-लिंटियन हा मदतनीस प्रोग्रॅम ती उचलून पॅकेजाच्या आत, यूएसआर, शेअर, लिंटियन, ओव्हरराइड्स या मार्गावर ठेवतो. तपासणीच्या वेळी लिंटियन तिथे बघतो. म्हणजे फाइल बदलली, पण पॅकेज पुन्हा बांधलं नाही, तर लिंटियनच्या लेखी काहीच घडलेलं नाही.

निखिल पॅकेज पुन्हा बांधत नव्हता. बिल्डला सात-आठ मिनिटं लागत, म्हणून तो फाइल बदलून थेट लिंटियन चालवत होता. आणि लिंटियन ‘जुनं पॅकेज तपासतोय’ असं काही सांगत नव्हता. सोर्सच्या फोल्डरात उभं राहून नुसतं ‘लिंटियन’ म्हटलं, की तो चेंजलॉगमधून (बदलांच्या नोंदवहीतून) आवृत्ती वाचतो आणि एक पायरी वरच्या फोल्डरात त्या आवृत्तीची ‘चेंजेस’ फाइल, म्हणजे बिल्डमधून निघालेल्या फाइलींची यादी, शोधतो. सोय उत्तम. पण आवृत्ती बदलली नसेल तर त्याला सकाळचं बिल्ड सापडतं आणि तो बिनतक्रार तेच तपासतो. निखिलची सगळी रूपं, बरोबर आणि चूक, एकाच जुन्या पॅकेजावर तपासली गेली होती. निकाल बदलण्याचा प्रश्नच नव्हता.

मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नाही का? आहे. ओव्हरराइड पॅकेजात कुठे बसतो ते तिथे सांगितलंय. त्यावरून ‘म्हणजे आधी बांधावं लागेल’ हे काढता येतं. पण वाचणारा त्या पानावर ‘ओळ कशी लिहायची’ हा प्रश्न घेऊन येतो, त्याची नजर साच्यावर जाऊन थांबते आणि वरचा परिच्छेद प्रस्तावना समजून निसटतो. मी माझ्या पहिल्या वर्षात तो निसटवला होता, हेही सांगून टाकतो.

तिसरा निर्णय: सरसकट गप्प करायचं

आवृत्ती सोडायची तारीख जवळ आली होती. निखिलने लिंटियनचं आदेश-पान वाचलं. तिथे ‘सप्रेस-टॅग्ज’ हा पर्याय सरळ भाषेत आहे: दिलेले टॅग सापडले तरी दाखवले जाणार नाहीत, आणि बाहेर पडण्याच्या संकेतावरही (ज्यावरून बिल्ड पास की नापास ते ठरतं) त्यांचा परिणाम होणार नाही. कंस नाहीत, साचा नाही, पुन्हा बांधायला नको. त्याने पाइपलाइनच्या सामायिक स्क्रिप्टमध्ये ‘नॅशनल-एन्कोडिंग’ आणि ‘मिसमॅच्ड-ओव्हरराइड’ हे दोन्ही टॅग टाकले. बिल्ड हिरवं झालं.

वैशाली मॅडमनी हा बदल पाहून मंजूर केला होता. त्यांनी ते मला स्वतःहून सांगितलं. “दोन ओळींचा बदल होता, मी वाचला, आणि तो कुठल्या फाइलमध्ये आहे ते बघितलं नाही.” ती स्क्रिप्ट कंपनीच्या सगळ्या पॅकेजांची होती.

साधारण तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका पॅकेजची ‘वाचा’ (रीडमी) फाइल ग्राहकाकडे गेली. तिच्यात शब्दसंग्रह देणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याचं नाव कुणीतरी जुन्या फॉन्टमधून उचलून चिकटवलेलं होतं. ग्राहकाला नावाच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसली. नेमकं याच प्रसंगासाठी तो टॅग होता, आणि त्याचं तोंड आपणच बांधलं होतं. नुकसान पैशात काही नाही. पण ज्या कंपनीचा धंदाच जुन्या फॉन्टचा कचरा साफ करण्याचा, तिच्याच फाइलीत तो निघावा? ग्राहकाचा फोन फारसा गोड नव्हता म्हणे.

त्यानंतर मला फोन आला.

तपासलेले पर्याय

मी गेलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, “लिंटियन कशावर चालवलास?” निखिलने टर्मिनल वर सरकवलं, आणि ‘चेंजेस’ फाइलची वेळ बघितल्यावर दोघांनाही एकदमच कळलं. पुढचा वेळ पर्याय ठरवण्यात गेला.

नमुना फाइली पॅकेजातून काढून टाकायच्या, फक्त सोर्समध्ये ठेवायच्या, हा माझा पहिला कल होता. ओव्हरराइड जितके कमी तितकं बरं. वैशाली मॅडमनी तो तिथेच खोडला. ग्राहकाकडचा ऑपरेटर साधन बसवल्यावर आधी नमुनाच चालवून बघतो, तो काढला तर रोज फोन येतील. त्यांचं बरोबर होतं.

संदर्भ न देता नुसत्या टॅगचा ओव्हरराइड लिहिणं हा दुसरा. कंसांची भानगडच मिटते. पण मग त्या पॅकेजातली कुठलीही फाइल बिघडली तरी लिंटियन गप्प राहणार. म्हणजे लहान प्रमाणात तीच ‘वाचा’ फाइलची चूक. लिंटियनचं स्वतःचं प्रोफाइल बनवून त्यात टॅग बंद करता येतो. तेही सरसकटच, फक्त जास्त नीटनेटकं दिसणारं. वॉर्निंगवर नापास करायचा नियमच काढावा असंही एक जण म्हणाला, त्यावर चर्चा झाली नाही.

राहिला नेमक्या संदर्भाचा ओव्हरराइड. त्यात एक पेच होता. पुढचे दोन-तीन महिने काही ग्राहकांसाठी डेबियन ११ वरही बिल्ड निघणार होतं. कंसासकट लिहिलं तर ११ वर जुळत नाही, कंसाशिवाय लिहिलं तर १२ वर.

काय केलं

सोर्समध्ये फाइल साधनाच्या पॅकेजच्या नावाने होती, ती तशीच ठेवली आणि नमुन्यांची ओळ तिच्यातून काढून मदतपुस्तिकेच्या पॅकेजच्या नावाच्या फाइलीत नेली. नमुने काही काळापूर्वी त्या पॅकेजात हलवण्याचं ठरलं होतं, पण बदल या आवृत्तीसोबतच व्हायचा होता. ओव्हरराइड त्याच पॅकेजात असावा लागतो ज्यात तक्रार आहे, हे निखिलने या वेळी मला विचारण्याआधीच सांगितलं.

मग ओळ. मार्गाच्या दोन्ही टोकांना स्टार:

नॅशनल-एन्कोडिंग *यूएसआर/शेअर/डॉक/…/एक्झाम्पल्स/सुरेख-*

पुढचा स्टार नव्या लिंटियनमध्ये उघडता कंस गिळतो आणि जुन्यात काहीच गिळत नाही. शेवटचा स्टार फाइलनावाचा उरलेला भाग आणि मिटता कंस. दोन्ही आवृत्त्यांवर जुळलं. ओळीच्या वर ‘#’ लावून टिपण लिहिलं, कारण लिंटियन ओव्हरराइड दाखवताना लगतच्या वरचं टिपणही छापतो: या फाइली मुद्दाम जुन्या फॉन्टमध्ये आहेत, आयकॉन्व्ह चालवू नका.

सामायिक स्क्रिप्टमधले दोन्ही टॅग काढले. काढल्याबरोबर इतर पॅकेजांत त्याच प्रकारच्या आणखी दोन फाइली सापडल्या, त्या खऱ्या चुका होत्या आणि दुरुस्त झाल्या. पाइपलाइनमध्ये दोन गोष्टी बदलल्या. लिंटियन आता ‘शो-ओव्हरराइड्स’ लावून चालतो, म्हणजे काय गप्प केलंय ते दर बिल्डला दिसतं. आणि हाताने तपासायचं असेल तर एकच छोटी स्क्रिप्ट आहे, ती आधी पॅकेज बांधते आणि मगच तपासते. बिल्डचा वेळ वाचवायचा मोह तिने बंद केला.

आज करायचं झालं तर

साचा शिकवणं मी बंद करेन. नव्या माणसाला सांगायला एक वाक्य पुरतं: लिंटियनने छापलेली ओळ घ्या, सुरुवातीचं तीव्रतेचं अक्षर आणि त्याला लागून असलेला अपूर्णविराम (:) पुसा, उरलेलं ओव्हरराइड फाइलमध्ये चिकटवा. पॅकेजचं नाव, ‘सोर्स’ हा शब्द, कंस, सगळं आपोआप बरोबर येतं. साचा लागतो तो स्टार घालायची वेळ आली की.

मशीन हलवण्याआधी नवा लिंटियन जुन्या पॅकेजांवर आठवडाभर नुसता चालवून बघायला हवा होता, नापास न करता. लिंटियन शेवटी एक ओळ छापतो, किती ओव्हरराइड लागू झाले आणि किती विनावापर पडून आहेत याची. ती ओळ कुणी बघितली असती तर सगळं त्याच दिवशी कळलं असतं. ‘मिसमॅच्ड-ओव्हरराइड’ गप्प करणं ही माझ्या मते एन्कोडिंगचा टॅग गप्प करण्यापेक्षा मोठी चूक होती. तुमचा चष्मा फुटलाय असं सांगणाऱ्यालाच बाहेर काढण्यासारखं ते झालं. वैशाली मॅडम याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते मोठी चूक मंजुरीची होती.

निखिलने कंसांच्या तीन अर्थांवर आणि ‘आधी बांधा’ यावर अर्ध्या पानाचं मराठी टिपण केलं, ते कंपनीच्या विकीवर आहे. मॅन्युअलसाठी इंग्रजीत दोन वाक्यं सुचवायचंही त्याच्या मनात आहे.

डेबियन ११ वरचं बिल्ड नंतर बंद झालं. पुढचा स्टार आता नको आहे, त्याच्या जागी साधा कंस चालेल. पण ओळीच्या वरच्या टिपणात फाइली अशा का आहेत ते लिहिलंय, स्टार का आहे ते लिहायचं राहिलं. नवीन आलेल्या मुलीने मागच्या महिन्यात विचारलं, “सर, हा स्टार काढू का?” आणि निखिल म्हणाला, “राहू दे.”